एका सबबीचा मृत्यू

काही माणसांचं सबंध आयुष्य एका वाक्यावर चालतं. वकील 'पुढची तारीख मिळाली' या वाक्यावर बंगला बांधतो. शिंपी 'काजं-बटणं तेवढी राहिलीत' यावर दोन दिवाळ्या काढतो. माझंही असं एक वाक्य होतं. "पडद्यावर बरोबर दिसत होतं हो!" या एका वाक्यावर मी निवृत्तीनंतरची नऊ वर्षं सुखात घालवली. परवा ते वाक्य वारलं. त्याचीच ही हकिगत.

मी भोरकडच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत जे स्थान असतं, ते पंगतीत लिंबाच्या फोडीला असतं. असली तर बरी, नसली तर जेवण अडत नाही. निवृत्त झाल्यावर मी घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर मांडला आणि लग्नपत्रिका, जत्रेचे फ्लेक्स, वाढदिवसाचे फलक आणि जुन्या फोटोंची दुरुस्ती असा व्यवसाय सुरू केला. हातात ब्रश होता त्या जागी उंदीर आला, एवढाच काय तो फरक.

कॉम्प्युटरचा पडदा मला माझ्या भाच्याने दिलेला. त्याने पुण्यात नवा घेतला तेव्हा 'मामा, टाकून द्यायचा तर तुम्हीच घ्या' असं म्हणून अत्यंत आदरपूर्वक मला अर्पण केला. या पडद्याचा स्वभाव मोठा मजेदार होता. ताठ बसलं की आकाश निळं दिसे, खुर्चीत जरा घसरलं की ते ढगाळ होई, आणि उभं राहिलं की सगळा गाव धुक्यात जाई. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून पाहायचं आणि मी बसून पाहायचो. म्हणजे दोघं दोन वेगवेगळी चित्रं पाहून एकमताने माना डोलवत होतो. लोकशाहीचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

साहजिकच घोटाळे होत. एका लग्नपत्रिकेला हळदीचा रंग हवा होता. छापून आल्यावर ती पत्रिका हळद लागलेली न दिसता कावीळ झालेली दिसली. एका गावच्या जत्रेच्या फ्लेक्सवर गुलाल उधळला होता, तो छपाईत असा काही जांभळा झाला की देवासमोर कोणी जांभळाची पाटी पालथी केली असावी. एका उमेदवाराचा चेहरा तर शेवाळी झाला. ते पडले. त्यांनी पराभवाचं खापर माझ्यावर फोडलं, मी ते पडद्यावर फोडलं, आणि पडद्याला तोंड नसल्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं. प्रत्येक वेळी मी तेच म्हणायचो, "पडद्यावर बरोबर दिसत होतं हो!" आणि ते खोटं नव्हतं. हेच तर त्यातलं सौंदर्य होतं. खरं बोलून सुटता येईल अशी सबब फार थोड्यांच्या नशिबी असते.

पण आमच्या घरात एक माणूस असं आहे की ज्याला सबबी कळतात. एके दिवशी हिने भाजी निवडता निवडता सहज विचारलं, "अहो, नऊ वर्षं तुमचा तो पडदा चुकतोय म्हणता. मग बदलत का नाही? की तो चुकलेलाच बरा आहे?"

संसारात काही प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नसतात. मी त्याच आठवड्यात भाच्याला फोन केला.

भाच्याने मला फोनवर दोन तास शिकवलं. पहिली गोष्ट त्याने सांगितली ती ही की पडद्याच्या आतली काच कुठल्या जातीची आहे ते आधी बघायचं. माझा जुना पडदा 'टीएन' जातीचा, म्हणून मान हलवली की रंग हलायचा. घ्यायचा तो 'आयपीएस' जातीचा. त्याच्याकडे कुठूनही पाहा, तो फारसा डगमगत नाही. आपल्या तालुक्यात एवढा स्थिर स्वभाव माणसांत मिळणं कठीण, पडद्यात मिळतो हेच विशेष.

दुसरी गोष्ट म्हणजे मापाची. पूर्वी आपल्याकडे गावोगावचा शेर वेगळा होता. इथला शेर तिथे चालायचा नाही. मग 1956 साली कायदा झाला आणि हळूहळू किलो आला. रंगांचंही तसंच होतं. प्रत्येक कंपनीच्या यंत्राचा तांबडा निराळा. म्हणून 1996 साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनी मिळून रंगांचं एक मापटं ठरवलं, त्याचं नाव एसआरजीबी. पण हे मापटं लहान. माणसाच्या डोळ्याला जेवढे रंग दिसतात, त्यांच्या नकाशाचा साधारण एक तृतीयांश भाग त्यात मावतो. म्हणून 1998 साली अ‍ॅडोबी कंपनीने जरा मोठं मापटं काढलं, त्यात साधारण निम्मा भाग मावतो. "जास्तीचा भाग कुठला?" मी विचारलं. भाचा म्हणाला, "मुख्यतः हिरवा आणि निळा यांच्या मधला. पण मामा, त्याचे पैसे जास्त पडतात. भोरमध्ये कोणाला लागतोय तो?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याची आठवण येणार आहे.

तिसरी गोष्ट चुकीच्या मोजमापाची. खरा रंग आणि पडद्यावर दिसणारा रंग यांतल्या अंतराला 'डेल्टा ई' म्हणतात. ते दोनच्या आत असलं तर साध्या डोळ्याला फरक जवळजवळ कळत नाही. चांगल्या पडद्याबरोबर कारखान्याचा दाखला येतो, त्यात हा आकडा छापलेला असतो. म्हणजे पडदा जन्माला येतानाच चारित्र्याचा दाखला घेऊन येतो. मी बत्तीस वर्षं मुलांना चारित्र्याचे दाखले दिलेले असल्यामुळे अशा दाखल्यावर कितपत विसंबावं हे मला ठाऊक आहे. मी तसं म्हणालो. भाचा म्हणाला, "बरोबर. म्हणून मोजायचं यंत्र वेगळं घ्यायचं, आणि महिन्यातून एकदा स्वतः मोजायचं. चांगला पडदासुद्धा वयोमानाने बहकतो."

मग मी एस.टी.ने कापूरहोळवरून पुण्याला गेलो. दुकानात एका भिंतीवर अकरा पडदे मांडले होते आणि अकराही पडद्यांवर एकच पोपट बसला होता. पण कुठे तो केशरी होता, कुठे भगवा, कुठे लालभडक. एकाच पोपटाचे अकरा वाण. विक्रेता मुलगा म्हणाला, "काका, हा बघा, कलर कसे पॉप होतात!" मला पोपट पाहायचा होता, पॉप नव्हे. मी विचारलं, "यातला खरा पोपट कुठला?" मुलगा गोंधळला. इतक्या वर्षांत पोपटाबद्दल त्याला कोणी काही विचारलं नसावं. शेवटी म्हणाला, "काका, यात एक कोटी सदुसष्ट लाख रंग आहेत."

हिशेब बरोबर होता. तांबडा, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी 256 पायऱ्या, त्यांचा गुणाकार 1,67,77,216. पण हे ऐकून माझ्याबरोबर आलेल्या हिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ज्या बाईला अबोली, अंजिरी, आमसुली, डाळिंबी, श्रीखंडी, चिंतामणी, गुलबक्षी आणि वांगी हे रंग अंधाऱ्या कपाटात हात घालून ओळखता येतात, तिला एक कोटीचं काय कौतुक? तिने एवढंच विचारलं, "यात मोरपंखी दिसतो का?"

मुलाने एक पडदा दाखवला. हिने डोळे बारीक केले. "हा नाही." दुसरा दाखवला. "हा मोराचा नाही, मोरचुदाचा आहे." चौथ्या पडद्यापाशी ती थांबली. "हा जरा जवळ जातो." तो मोठ्या मापट्याचा होता आणि त्याची किंमत एका म्हशीएवढी नसली तरी तिच्या रेडीएवढी नक्की होती. आम्ही रेडी घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर पडदा मोजायचं यंत्र लावलं. छोट्या कासवासारखं ते पडद्यावर उताणं चिकटून बसतं आणि समोर एकामागून एक रंग येत असताना ते मोजत राहतं. पांढरा कोणता धरायचा, तर दुपारच्या उजेडासारखा, ज्याला 6500 केल्व्हिन म्हणतात. उजेड किती ठेवायचा, तर दर चौरस मीटरला 120 कँडेलाच्या आसपास. नवा पडदा दुकानातून येतो तो याच्या दुपटीने-अडीचपटीने झगझगत येतो, कारण दुकानात शेजारच्या पोपटावर मात करायची असते. त्या झगझगाटात आपण फोटो पाहून 'वा' म्हणतो, आणि तो कागदावर छापून आला की काळवंडलेला वाटतो. नऊ वर्षं माझे फोटो काळे का येत होते, हे मला त्या दिवशी कळलं. ज्ञान झालं की आनंद होतो म्हणतात. मला लाज वाटली.

मोजणं संपल्यावर पडदा एकदम मंद आणि पिवळसर वाटू लागला. ही म्हणाली, "एवढे पैसे देऊन आजारी पडदा आणलात की काय?" भाचा म्हणाला, दोन दिवस थांबा, डोळे सरावतील. तिसऱ्या दिवशी तो बरोबर वाटू लागला आणि जग जरा भडक वाटू लागलं. शिवाय खोलीच्या गुलाबी भिंतीचा रंग पडद्यावर सांडतो म्हणून भिंत राखाडी करावी लागली. माझा पोपटी सदराही पडद्यात डोकावतो म्हणून काम करताना राखाडी सदरा घालणं आलं. ही म्हणाली, "रंग बरोबर दिसावा म्हणून घरातले सगळे रंग घालवणारा माणूस मी पहिलाच पाहिला."

अशा तऱ्हेने मी सत्याच्या मार्गाला लागलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात सत्य दारात येऊन उभं राहिलं.

वेल्ह्याकडचे दोघे भाऊ आले. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. थोरला गावी भात करतो, धाकटा पुण्याजवळ एका कारखान्यात आहे. त्यांची आई गेल्या वर्षी गेली. तिचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं, आणि तिचा तरुणपणचा एकच फोटो, 1983 साली स्टुडिओत काढलेला. तो रंगीत होता, पण आता सगळा तांबूस झालेला. त्या काळच्या रंगीत फोटोंचं असंच होतं. कागदात तीन रंगद्रव्यं असतात, आणि ट्रंकेच्या अंधारात ठेवला तरी त्यातलं निळसर-हिरवं बहुधा सगळ्यांत आधी विरतं. मागे राहतो तो लालसरपणा. सगळे जुने फोटो रागावलेले दिसतात ते यामुळे.

"मास्तर," थोरला म्हणाला, "ह्यात आईचं लुगडं हिरवं व्हतं. मोरपंखी."

"निळं होतं," धाकटा म्हणाला. "मोरपंखी."

"मोरपंखी म्हंजी हिरवंच की."

"मोराची मान निळी असते."

"मी पंखाचं बोलतोय, तू मानंवर कशाला चढतोस?"

तुम्ही हसाल. पण 2015 च्या फेब्रुवारीत एका पोशाखाच्या फोटोवरून सगळं जग असंच भांडलं होतं. निम्म्यांना तो निळा-काळा दिसे, निम्म्यांना पांढरा-सोनेरी, आणि नवरा-बायको एकाच पडद्यासमोर बसून एकमेकांच्या डोळ्यांची चौकशी करत होते. प्रत्यक्षात पोशाख निळा-काळाच निघाला. तिथे निदान दुकानात जाऊन पाहता तरी आलं. इथे लुगडं चाळीस वर्षांपूर्वीचं, आणि नेसणारी गेलेली.

मी म्हणालो, लुगड्याचं पाहू पुढे. तेवढ्यात थोरला जरा पुढे सरकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आन् मास्तर, आईला जरा उजळ करा."

धाकट्यानेही मान डोलावली. मोरपंखीवर भांडणारे दोघे भाऊ या मुद्द्यावर एक होते.

ही मागणी मला नवीन नव्हती. या धंद्यात येणाऱ्या फोटोंपैकी निम्म्यांना ती चिकटून येते. उपवर मुलगी असो की स्वर्गवासी आजी, सगळ्यांना जरा उजळ व्हायचं असतं. दोष एकट्या आपला नाही. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे आपल्याच जिल्ह्यात मळवलीला आला. एकेका रंगाचा एकेक दगड कोरून तिथे छापलेल्या देवी घराघरांत गेल्या, आणि त्या बहुतेक गोऱ्या. तिकडे अमेरिकेत कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचं कार्ड पाठवायची. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून कार्डाचं नावही शर्ली. शर्ली बरोबर दिसली की यंत्र बरोबर. मग त्या यंत्रातून निघणारी सावळी माणसं कशी का दिसेनात! कितीतरी वर्षं रंगाचं माप म्हणजे शर्लीचा गाल होता. वेल्ह्याच्या खाचरात लावणी करणाऱ्या बाईचा गाल त्या मापात कुठून बसणार?

तर मी उजळ करत आलो होतो. आणि मला कधी काही वाटलं नव्हतं, कारण किती उजळ केलं हे मला दिसतच नव्हतं! जुन्या पडद्यावर ताठ बसलं की सावळी आणि घसरून बसलं की गोरी. मग गोरी मी केली की खुर्चीने, हे कोण सांगणार?

नव्या पडद्यावर मी त्या माउलीचा चेहरा उजळ केला. एक पायरी, दोन पायऱ्या, पाच पायऱ्या. भाऊ खूश होत गेले, आणि माझी मात्र बोटं जड होत गेली. कारण हा पडदा हलत नव्हता. मी मान तिरकी केली, घसरून बसलो, उभा राहिलो. पाच पायऱ्या त्या पाचच राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं खोटं किती आहे ते आकड्यात दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बहीण आली. भाटघरच्या पाण्याकडच्या एका गावात दिलेली. काखेत एक गोधडी. तिला भावांनी फोन करून सांगितलं होतं, जाऊन बघून ये. मी पडद्यावर फोटो लावला आणि तिच्या तोंडाकडे पाहू लागलो. तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी साधेपणाने विचारलं, "ही कोण?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हणजे माझ्याजवळ नऊ वर्षांचं एक उत्तर होतं, ते सवयीने जिभेवर आलंही. 'पडद्यावर बरोबर दिसतंय हो!' पण पडदा महिन्याच्या महिना मोजलेला, भिंत राखाडी, सदरा राखाडी. पडद्यावर जे दिसत होतं ते मी केलेलं होतं, आणि मी केलेलं तेच नेमकं दिसत होतं. मी ते वाक्य गिळलं. तेच त्याचं शेवटचं दर्शन.

"भावांनी उजळ करायला सांगितलं होतं," मी म्हणालो. ही दुसरी सबब. पहिली गेली की माणूस ताबडतोब दुसरी शोधतो.

"त्यांचं सोडा," ती म्हणाली. "त्यांना वाटतं, चारचौघांत फोटो लागणार, आई चांगली दिसावी. मायेनंच म्हणाले असतील. पर तिला बघायला माणसं येणार, तर तीच नको का दिसायला?" मग तिने आपला हात पडद्यासमोर धरला. "माझं रूप आईवर गेलं न्हाई. पर हात आईचा आलाय, सगळे म्हनायचे. ह्यो बघा."

मी तिला खिडकीपाशी नेलं, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात हातसुद्धा खोटं बोलतो. फोटोत आईचे दोन्ही हात मांडीवर होते. त्या हातांवरून मी रंग जुळवत नेला. लाली कमी झाली, मागचा पडदा राखाडी झाला, हात सावळे झाले. भिजलेल्या मातीसारखे, जरा तांबूस छटेचे. ती म्हणाली, "आता आला."

पण गंमत अशी झाली की हात बरोबर आले तरी चेहरा हातांपेक्षा उजळच राहिला. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. यंत्र चुकलं की काय? ती हसायला लागली. "ती पावडर हो! फोटोच्या दिवशी आईनं शेजारणीकडनं मागून आणली व्हती. मानेला लावायची राहिली. बघा, मान कशी वेगळी दिसतीया."

आता आली का पंचाईत? जिला मी उजळ करायला लाजत होतो, तिने स्वतःच स्वतःला उजळ केलं होतं. म्हणजे भावांचं तरी काय चुकलं? आईची इच्छाच ते पुरी करत होते असंही म्हणता येईल. मी दोन रात्री यावर विचार केला. खरं कोणतं? पावडरीखालचा चेहरा, की पावडर लावलेला? शेवटी मला जे सुचलं ते एवढंच. पावडर तिची होती. तिने हौसेने लावली आणि घरी जाऊन पुसली. मी जी लावत होतो ती दुसऱ्याच्या हाताची होती, आणि ती कधीही पुसली जाणार नव्हती. म्हणून मी तिची पावडर तशीच ठेवली आणि माझी काढून टाकली.

लोक म्हणतात, बिनचूक पडदा घेतला की चित्र खरं होतं. साफ चूक. तागडी खरी असली म्हणून वांगी ताजी होत नाहीत. पडदा फक्त एवढंच सांगतो की फाइलमध्ये जे आहे ते हे असं आहे. आई कशी होती हे त्याला काय माहीत? ते लेकीच्या हाताला माहीत होतं. पण खऱ्या तागडीचा एक उपयोग असतो. वजन कमी भरलं तर दुकानदाराला 'काटा अडकला असेल' असं म्हणता येत नाही. मला वाटतं, ज्यांना आपण भली माणसं म्हणतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा काटा अडकलेला असतो, आणि त्यांनी तो दुरुस्त करून घेतलेला नसतो. निदान माझा तरी तसाच होता.

राहिलं लुगडं. ती गोधडी त्यासाठीच आणली होती. लुगडं विरल्यावर आईने स्वतःच ते गोधडीत घातलेलं. वरून ते उन्हापाण्याने राखेसारखं झालं होतं. तिने माझ्या बायकोकडून सुई मागितली, दोन टाके उसवले, आणि आत दुमडलेली बोटभर पट्टी बाहेर काढली. इतकी वर्षं उजेड न पाहिलेला रंग! घरात पाहिला तर हिरवा. अंगणात नेला तर निळा. मी भिंग लावलं. उभा धागा निळा, आडवा हिरवा. इरकली धूपछांव. इकडून पाहिलं की थोरला खरा, तिकडून पाहिलं की धाकटा खरा. दोघे भाऊ आईच्या दोन बाजूंना बसायचे, एवढाच भांडणाचा अर्थ.

आणि हा रंग नेमका हिरव्या-निळ्याच्या मधल्या त्या भागातला, जो लहान मापट्यात मावत नाही आणि भोरमध्ये कोणाला लागत नाही! पडद्याला धूपछांव येत नाही. एका ठिपक्यात त्याला एका वेळी एकच रंग दाखवता येतो. मी निऱ्यांच्या फुगवट्याला हिरवा ठेवला, घडीच्या सावलीला निळा ठेवला. हिने मागून पाहिलं आणि म्हणाली, "मोरपंखी." मला भाच्याचा डेल्टा ई दोनच्या आत आल्याहून जास्त समाधान वाटलं.

भाऊ फोटो न्यायला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगायची तयारी करून बसलो होतो. थोरल्याने फ्रेम हातात घेतली, चेहरा पाहिला, हात पाहिले, आणि माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाला, "बघा, केलीच की उजळ!"

"मी नाही," मी म्हणालो. "तिनंच."

वर्षश्राद्धाला मला आग्रहाने बोलावलं होतं. तोरण्याच्या पायथ्याचं घर, पाऊस नुकताच उघडलेला, खाचरांतला हिरवा रंग असा की कुठल्याच मापट्यात मावू नये. आत गेलो तर भिंतीवर फोटो, फोटोला हार, आणि हाराच्या वर लाल झीरोचा दिवा! चांगला तासन्‌तास मोजून, भिंती रंगवून, गोधडी उसवून आणलेली आई त्या दिव्याखाली पुन्हा पहिल्यासारखी तांबडीलाल झाली होती.

मी काही बोललो नाही. फोटोसमोर त्यांचे वडील बसले होते. त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, उजव्याचा व्हायचा होता. पिकलेल्या मोतीबिंदूतून जग पिवळट दिसतं, आणि तो काढला की निळा रंग एकदम परत येतो. म्हाताऱ्याने नातवाला हाक मारून दिवा बंद करायला लावला, दार उघडायला लावलं. उजेड आत आला. मग त्याने एक डोळा झाकला, नंतर दुसरा झाकला. दोनतीनदा असं केलं.

"ह्या डोळ्यानं निळं दिसतंय," तो म्हणाला, "अन् ह्या डोळ्यानं हिरवं." मग दोन्ही डोळे उघडे ठेवून तो नुसता बघत राहिला. रंगाबद्दल पुढे काही बोलला नाही.

रात्री घरी येऊन मी पडदा पुन्हा मोजला. अगदी बरोबर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ मुलीचा फोटो घेऊन आले. म्हणाले, "स्थळं यायला लागलीत. जरा उजळ करा." मी सवयीने मान तिरकी करून पाहिली, खुर्चीत घसरून पाहिलं.

काही उपयोग झाला नाही. पडदा हलेना.